पुरात भिजलेला कागद : तो वाचवता येतो का आणि कसा?

ऑगस्ट महिना लागला की सांगलीत सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे? ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही तोंडपाठ आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने ५७ फुटांची रेषा ओलांडली. त्याआधी २००५ मध्ये आणि नंतर २०२१ मध्येही पाणी ५० फुटांच्या वर गेले होते. प्रत्येक पुरानंतर माणसे, जनावरे, घरे, दुकाने आणि उभी पिके यांच्या नुकसानीचे पंचनामे होतात, आणि ते सर्वांत आधी व्हायलाच हवेत. पंचनाम्यात सहसा येत नाही तो कागद. २०१९ मध्ये सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरले आणि पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली हजारो पुस्तके भिजली. नदीकाठच्या कितीतरी घरांत तळमजल्यावरच्या ट्रंकेतली खरेदीखते, मोडीतले कागद, पोथ्या, आजोबांच्या हातच्या वह्या आणि लग्नाचे फोटो चिखलात गेले. पाणी ओसरल्यावर यांतले बरेचसे गाद्या आणि फर्निचर यांच्याबरोबर कचऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये चढले.

त्यातले बरेच काही वाचले असते. भिजलेला कागद म्हणजे संपलेला कागद, ही समजूत चुकीची आहे. कागदाचे खरे नुकसान पाणी ओसरल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत होते, आणि त्या दिवसांत काय करायचे हे ठाऊक असले तर ते पुष्कळ प्रमाणात टाळता येते. जुन्या वस्तूंची झीज थांबवणे, निदान मंदावणे, आणि हे करताना वस्तूच्या मूळ द्रव्याला शक्य तितका कमी हात लावणे, हे ज्या शास्त्राचे काम आहे त्याला जतनशास्त्र म्हणतात. चित्रे, शिल्पे, वस्त्रे, शस्त्रे या सगळ्यांना ते लागू पडते. इथे आपण त्यातल्या कागदापुरतेच बोलू, कारण कृष्णाकाठच्या सामान्य घरात जतन करण्याजोगी जी वस्तू हमखास असते ती कागदच असते.

कागद आणि शाई : जुने ते टिकाऊ, हे कधी खरे?

कागद म्हणजे वनस्पतीच्या तंतूंचा पातळ थर. हे तंतू सेल्युलोज नावाच्या द्रव्याचे असतात. तंतू लांब आणि शुद्ध असले तर कागद शतकानुशतके टिकतो. मराठेशाहीत दप्तरांसाठी वापरला जाणारा जुन्नरी किंवा दौलताबादी कागद हाताने बनवलेला असे. चिंध्या आणि ताग यांसारख्या मालाचा लगदा करून त्याचे ताव काढत, त्यांवर खळ चढवत आणि गुळगुळीत दगडाने ते घोटत. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा असा कागद आजही हातात घेतल्यावर कापडासारखा लवचीक लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा गिरणी कागद आला. लाकडात सेल्युलोजबरोबर लिग्निन असते. उजेड आणि हवा लागली की ते पिवळे पडते. शिवाय शाई पसरू नये म्हणून या कागदावर तुरटी आणि राळ यांचा लेप देत, आणि तुरटीमुळे कागदात आम्ल तयार होऊन तंतू आतून तुटत जातात. म्हणूनच १९२० किंवा १९४० सालचे मासिक दुमडले तर कोपरा मोडून हातात येतो, आणि त्याच कपाटातले पेशवाईतले पत्र मात्र शाबूत असते.

शाईचेही तसेच आहे. बोरूने लिहिलेल्या जुन्या मोडी कागदांची शाई बहुधा काजळाची असते. काजळ म्हणजे कोळसा. तो उजेडाने विटत नाही आणि नुसत्या पाण्याने त्याचा रंगही बदलत नाही. तो कागदाला डिंकाने धरलेला असतो, म्हणून ओल्या अवस्थेत बोट घासले तर फरफटतो. घासले नाही तर बहुतेक वेळा जागेवर राहतो. माजूफळ आणि हिराकस यांपासून केलेली शाई काळाने तपकिरी होते आणि अक्षरांच्या रेषेतून कागद खाऊ लागते. सर्वांत हळव्या असतात त्या गेल्या शंभर वर्षांतल्या रंगद्रव्यांच्या शाया : फाउंटन पेनची निळी, रबरी शिक्क्याची जांभळी. त्या पाण्यात चक्क विरघळतात. त्यामुळे पुरात एकाच ट्रंकेतले १७८० चे पत्र वाचते आणि १९५५ ची वारस नोंद पुसून जाते, असे सहज घडू शकते. घरातले सर्वांत जुने ते सर्वांत नाजूक, हा आपला अंदाज इथे चुकतो.

पाणी आत शिरल्यावर काय होते?

कागद पाणी पितो आणि फुगतो. सुमारे १८४० च्या आधीची पुस्तके स्वतःच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत पाणी शोषू शकतात आणि अलीकडची पुस्तके ६० टक्क्यांपर्यंत. यातले बरेचसे पाणी पहिल्या काही तासांतच आत जाते. घट्ट कोंबलेल्या फळीवरची पुस्तके फुगली की त्यांना जागा उरत नाही. ती एकमेकांना रेटतात, पुठ्ठे वाकतात, शिवण ताणली जाते, आणि लाकडी कपाट असेल तर त्याच्या बाजूही उसवतात. लोखंडी कपाटाचे दार न उघडण्याचे कारण पुष्कळदा हेच असते. अशा वेळी एखादे पुस्तक कण्याला धरून ओढले तर कणाच हातात येतो. आधी कपाटाच्या बाजूचा एखादा पत्रा सैल करून जागा करावी लागते.

ओले पुस्तक जवळून पाहिले तर आणखी एक गोष्ट कळते. त्याच्या कडा चिखलाने माखलेल्या असतात, पण पुस्तक बंद राहिले असेल तर मधल्या पानांवर गाळ फारसा गेलेला नसतो. दाबून बसलेली पानेच गाळाला अडवतात. उत्सुकतेने पुस्तक उघडून पाहिले की कडेचा चिखल आत उतरतो आणि मग तो तंतूंत रुतून बसतो. म्हणून ओले, चिखलाळलेले पुस्तक उघडायचे नाही, हा पहिला नियम.

पुराचे पाणी स्वच्छही नसते. त्यात गटारे आणि शेतातली औषधे मिसळलेली असतात. त्यामुळे हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय या कामाला हात लावू नये.

आता बुरशी. तिचे बीजाणू हवेत आणि कागदावर कायमच असतात. त्यांना रुजायला फक्त ओल आणि ऊब हवी असते. सांगलीतल्या ऑगस्टच्या हवेत दोन्ही भरपूर असतात. भिजल्यापासून साधारण ४८ ते ७२ तासांत बुरशी दिसू लागते. ती कागदावरची खळ आणि पुस्तकाच्या बांधणीतला सरस खाते, काळे-हिरवे-गुलाबी डाग सोडते आणि तंतू पोकळ करते. पाण्याचे डाग पुढे कमी करता येतात. बुरशीने खाल्लेला भाग परत आणता येत नाही. पुढची सगळी धडपड या एका घड्याळाशी आहे.

पहिल्या ४८ तासांत काय करावे?

खोलीतले पाणी निघाले की खिडक्या उघडाव्यात आणि वीज असेल तर पंखे लावावेत, मात्र पंख्याचा झोत थेट कागदांवर नको. हवा हलती ठेवणे आणि खोलीतली दमट हवा बाहेर काढणे, एवढाच त्याचा उद्देश असतो.

सुटे कागद ओले असताना एकेक करून उचलू नयेत. ओल्या कागदाला स्वतःचे वजनही पेलत नाही. कागदाच्या चवडीखाली जाड प्लॅस्टिकचा ताव किंवा पत्रा सरकवून तिला आधारासकट उचलावे. बंद पुस्तकाच्या कडांवर फार चिखल असेल आणि शाई विरघळणारी नसेल, तर पुस्तक घट्ट मिटून धरून स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवून काढता येते. घासायचे नाही. चिखल वाळल्यावर मऊ ब्रशने जितका निघतो, तितका ओला असताना घासून कधीच निघत नाही.

थोडेच भिजलेले पुस्तक उभे करून पाने पंख्याच्या पात्यांसारखी विस्फारून ठेवतात. जास्त ओले असेल तर ते आडवे ठेवून दर पंधरा-वीस पानांमागे टिपकागद किंवा कोरा, न छापलेला न्यूजप्रिंट घालतात आणि तो भिजला की बदलतात. वर्तमानपत्र वापरण्याचा मोह होतो, पण त्याची शाई पानांवर उतरू शकते. टिपकागद फार घालू नयेत, नाहीतर कण्यावर ताण येऊन बांधणी फुटते. हे काम कंटाळवाणे आहे आणि एका पुस्तकाला अनेक दिवस लागतात, हे आधीच मान्य करून बसलेले बरे.

गुळगुळीत चकचकीत कागदाची पुस्तके, म्हणजे चित्रांचे ग्रंथ, स्मरणिका आणि काही दिवाळी अंक, यांची गोष्ट वेगळी. त्या कागदावर चिकणमातीसारख्या पांढऱ्या द्रव्याचा लेप असतो. तो ओला झाला की चिकट होतो आणि पाने वाळता वाळता एकमेकांना कायमची चिकटून अख्खे पुस्तक विटेसारखे घट्ट होते. म्हणून अशी पुस्तके वाळायच्या आत पान-पान वेगळे करून मध्ये कागद घालावा लागतो, किंवा ती थेट गोठवावी लागतात.

उन्हात का वाळवू नये?

पाऊस थांबून ऊन पडले की गच्चीवर कागद पसरण्याची आपली रीत आहे, आणि ती मुळात शहाणपणाचीच आहे. साठवणीच्या कोणत्याही वस्तूला आपण ऊन दाखवतो. कागदाच्या बाबतीत मात्र दोन अडचणी येतात. एक म्हणजे तो वरून भराभर वाळतो आणि आतून ओला राहतो, त्यामुळे आक्रसून वाकडा होतो. चामडी किंवा कापडी बांधणी तर पिळवटून निघते. दुसरी म्हणजे उन्हातले अतिनील किरण शाई विटवतात आणि लाकडी लगद्याच्या कागदाला पिवळा करतात. सावलीतला वारा हा कागदासाठी उन्हापेक्षा चांगला. तरीही दुसरा काहीच पर्याय नसेल आणि बुरशी दिसू लागली असेल, तर सकाळचे कोवळे ऊन थोडा वेळ दाखवणे हे ट्रॅक्टरमध्ये टाकण्यापेक्षा नक्कीच बरे, असे माझे मत आहे.

गोठवणे : बर्फ कागदाला कसा वाचवतो?

शंभर पुस्तके ४८ तासांत वाळवणे एखाद्या घराला जमेल. दहा हजार पुस्तके वाळवणे कोणत्याही वाचनालयाला जमणार नाही. अशा वेळी जगभर एकच उपाय करतात : पुस्तके गोठवतात. उणे १८ अंश सेल्सिअसच्या खाली बुरशी वाढत नाही, शाई पसरत नाही, चकचकीत पाने चिकटत नाहीत. गोठवण्याने पुस्तक सुधारत नाही, फक्त त्याचे बिघडणे थांबते. पण त्यामुळे घड्याळ बंद पडते आणि पुढचा निर्णय सवडीने घेता येतो. बंद पुस्तके मेणकागदात किंवा पातळ प्लॅस्टिकमध्ये सैलसर गुंडाळून, कणा खाली करून, क्रेटमध्ये एकाच थरात ठेवतात आणि प्रत्येक क्रेटवर ते कुठल्या कपाटातले ते लिहितात.

गोठलेले पुस्तक नंतर दोन प्रकारे वाळवता येते. साधा प्रकार म्हणजे थोडी-थोडी पुस्तके बाहेर काढून, वितळू देऊन, वर सांगितल्याप्रमाणे हवेवर वाळवणे. दुसरा म्हणजे फ्रीझ ड्रायिंग. यात गोठलेली पुस्तके हवा काढून घेतलेल्या बंद यंत्रात ठेवतात, आणि आतला बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन निघून जातो. कपड्यांच्या कपाटातली डांबरगोळी ओली न होता झिजत झिजत नाहीशी होते, तसेच हे. मधे पाण्याची अवस्थाच येत नसल्याने शाई पसरायला आणि पाने चिकटायला वावच मिळत नाही. औषधे आणि खाद्यपदार्थ बनवणाऱ्या उद्योगांत हेच तंत्र रोज वापरले जाते.

आमच्याकडे हे कुठून आणायचे, असा प्रश्न इथे येणारच. सांगली-तासगाव पट्ट्यात बेदाण्यासाठी बांधलेली शीतगृहे आहेत, आणि माझ्या मते हा या जिल्ह्याचा मोठा, अजून नीट न ओळखलेला आधार आहे. बेदाण्याची शीतगृहे साधारणपणे शून्याच्या वरच्या तापमानाला चालतात, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. तिथे बुरशी थांबत नाही, मंदावते. त्यामुळे हाताशी काही दिवस जास्त मिळतात. महिनोन्‌महिने ठेवायचे तर आइस्क्रीम किंवा गोठवलेल्या अन्नाच्या कोठाराइतकी थंडी लागते. आणि गटाराच्या पाण्यात भिजलेली पुस्तके खाण्याच्या मालाशेजारी ठेवता येत नाहीत. त्यासाठी स्वतंत्र कक्ष आणि घट्ट बंद पिशव्या हव्यात. ही बोलणी पूर आल्यावर करायची नसतात. ती उन्हाळ्यात करून ठेवावी लागतात.

घरगुती प्रमाणात, दहा-वीस महत्त्वाच्या कागदांसाठी फ्रीजचा बर्फाचा कप्पाही चालतो. पूरग्रस्त भागात वीज नसते, म्हणून ते पाकीट विट्याला, जतला किंवा जिथे वीज चालू आहे अशा नातेवाइकांकडे पोचवावे.

हे सगळे कुठे शिकले गेले?

४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीला पूर आला. तिथले राष्ट्रीय ग्रंथालय नदीच्या अगदी काठावर आहे. तळघरात आणि तळमजल्यावर ठेवलेले दहा लाखांहून अधिक ग्रंथ, वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि हस्तलिखिते चिखल आणि तेल यांच्या राड्यात बुडाली. त्या चिखलात शहरातल्या घरांना ऊब देण्यासाठी साठवलेले इंधनतेलही मिसळले होते. देशोदेशीचे विद्यार्थी तिथे पोचले, मानवी साखळ्या करून त्यांनी पुस्तके हातोहात बाहेर काढली. इटालियन लोक त्यांना आजही ‘चिखलातले देवदूत’ म्हणतात.

त्या वेळी ओली पुस्तके गोठवण्याची पद्धत रूढ नव्हती. लोकांनी पानांत लाकडाचा भुसा भरला, पुस्तके तंबाखू सुकवण्याच्या भट्ट्यांत नेऊन वाळवली. त्यामुळे खूप पुस्तके वाचली, आणि काही गरजेपेक्षा जास्त उष्णतेने वाकलीही. पीटर वॉटर्स या इंग्रज बांधणीकाराने तिथल्या दुरुस्तीच्या कामाची घडी बसवली. पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी त्यांनी ओली ग्रंथसंपदा कशी वाचवावी याची जी पुस्तिका १९७५ मध्ये लिहिली, तिच्यात गोठवण्यावर भर आहे. पुस्तके किती पाणी पितात याचे वर दिलेले आकडे त्याच परंपरेतले आहेत. फ्लॉरेन्सच्या ग्रंथांची दुरुस्ती कित्येक दशके चालली.

दुसरे उदाहरण मला सांगलीच्या दृष्टीने अधिक जवळचे वाटते. फेब्रुवारी १९८८ मध्ये रशियातल्या लेनिनग्राडमध्ये विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयाला आग लागली, आणि ती विझवताना मारलेल्या पाण्याने लक्षावधी पुस्तके भिजली. काही गोठवली गेली. उरलेल्यांपैकी पुष्कळ पुस्तके शहरातले लोक घरी घेऊन गेले, वाळवली आणि परत आणून दिली. ज्या गावात पुराच्या दिवसांत घरोघरी भाकऱ्या थापून छावण्यांना पोचवल्या जातात, त्या गावाला ‘प्रत्येकाने पाच पुस्तके वाळवून द्या’ असे नीट समजावून सांगितले तर लोक मागे हटतील असे मला वाटत नाही. त्यासाठी सांगणाऱ्याला रीत ठाऊक हवी.

वाळल्यानंतरची दुरुस्ती : चिकटपट्टी आणि लॅमिनेशन का नको?

वाळलेला कागद सुरकुतलेला, डागाळलेला आणि कडांना फाटलेला असतो. इथून पुढे घाई नसते, म्हणून इथली चूक सर्वांत वाईट वाटते. बाजारातली पारदर्शक चिकटपट्टी लावली की फाटलेला भाग तेवढ्यापुरता जुळतो. पण काही वर्षांत तिचा गोंद पिवळा होऊन कागदात झिरपतो, पट्टी गळून पडते आणि तपकिरी, तेलकट पट्टा कायमचा राहतो. गरम लॅमिनेशन त्याहून घातक आहे, कारण प्लॅस्टिक कागदावर वितळवले जाते आणि आतली ओल व आम्ल तिथेच कोंडले जाते. सात-बारा उतारा किंवा गुणपत्रिका लॅमिनेट करून आणणे हा आपल्याकडचा फार प्रेमाने केला जाणारा अपघात आहे.

तज्ज्ञांचीही यातून सुटका झालेली नाही. १९५० च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सेल्युलोज ॲसिटेटची पातळ फिल्म ॲसिटोनने कागदावर चढवण्याची पद्धत विकसित झाली. यंत्राशिवाय हाताने करता येत असल्याने ती लोकप्रिय झाली. पुढे कळले की ही फिल्म स्वतःच म्हातारी होते, आणि ती काढणे कष्टाचे व धोक्याचे असते. अशा अनुभवांतूनच या शास्त्राचा मुख्य दंडक पक्का झाला : आज केलेले काम उद्या कागदाला इजा न होता काढून टाकता आले पाहिजे.

म्हणून फाटलेल्या कागदाला तुतीवर्गातील झाडाच्या लांब तंतूंचा अतिशय पातळ जपानी कागद लावतात, आणि तो चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात. जपानी कागद कात्रीने कापत नाहीत. ओल्या ब्रशने रेघ ओढून त्या रेघेवर तो हाताने अलगद ओढतात, त्यामुळे कडेला बारीक तंतूंची झालर सुटते आणि जोड मूळ कागदात विरून जातो. खळ इतकी पातळ असते की ब्रशवर ती जेमतेम जाणवते. जोडावर न चिकटणारा जाळीदार कापडाचा तुकडा, त्यावर टिपकागद आणि वर वजन, असे ठेवून तो वाळू देतात. उद्या ही दुरुस्ती नको वाटली तर थोड्या ओलाव्याने ती सुटते. हे सगळे करण्याआधी प्रत्येक शाईवर पाण्याचा एक लहानसा थेंब ठेवून ती विरघळते का ते पाहतात, आणि कामाआधीची स्थिती छायाचित्रांसह नोंदवून ठेवतात.

हे काम शिकल्याशिवाय घरी करू नये. आपण फक्त कागद वाळवून, स्वच्छ ठेवून थांबायचे. दुरुस्ती तज्ज्ञावर सोपवायची. १९७६ मध्ये स्थापन झालेली लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे जतन केंद्र अशा संस्था या क्षेत्रात काम करतात. २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हस्तलिखित अभियानातूनही देशभर हस्तलिखितांच्या जतनाची केंद्रे उभी राहिली.

‘स्कॅन करून ठेवले की झाले’ हे पुरेसे आहे का?

हा आक्षेप सर्वाधिक ऐकू येतो, आणि त्यात तथ्य आहे. स्कॅन असेल तर मजकूर वाचतो, मूळ कागद वारंवार हाताळावा लागत नाही, आणि पुरात सर्वस्व जात नाही. ज्यांच्याकडे जुने कागद आहेत त्यांनी या आठवड्यातच मोबाइलवर का होईना, त्यांचे स्वच्छ फोटो काढावेत.

पण मजकूर म्हणजे अख्खा कागद नव्हे. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेत शिक्षकाची नोकरी करत पटवर्धनांच्या दप्तरातले हजारो कागद वाचले आणि छापून प्रसिद्ध केले. त्यांच्या कष्टांमुळे मराठ्यांच्या इतिहासाचा फार मोठा भाग अभ्यासकांच्या हाती आला. तरीही आजचा अभ्यासक मूळ पत्र मागतोच, कारण छापील मजकुरात कागदाचा पोत येत नाही, शिक्का कुठे आणि कसा उमटला आहे ते येत नाही, खोडलेला शब्द आणि बदललेले हस्ताक्षर येत नाही. लांब पत्रांसाठी कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवत. ते जोड मूळचे आहेत की मागाहून कोणी तुकडा घुसवला आहे, हे कागद उलटून, उजेडात धरून पाहावे लागते. खरे-खोटे ठरवण्याचा पुरावा अनेकदा अक्षरांच्या बाहेर असतो. शिवाय स्कॅनलाही जतन लागते : हार्ड डिस्क बंद पडतात, आणि तळमजल्यावरच्या संगणकातली प्रत मूळ कागदाबरोबरच बुडते.

सगळेच वाचवायचे का? आणि माणसे संकटात असताना कागदाचे काय?

माणसे आधी, यात दुमत असूच शकत नाही. कागद वाचवण्याचे काम इमारत सुरक्षित आहे असे सांगितले गेल्यानंतरच सुरू होते. पण ज्याचे घर बुडाले त्याला पुढे नुकसानभरपाई, वारसहक्क, जमीन, मुलांचे दाखले या सगळ्यांसाठी कागदच लागतो. कागद वाचवणे हा पूरग्रस्ताच्या मदतीचाच भाग आहे.

सगळे वाचवणे मात्र परवडत नाही, आणि तसा हट्ट धरला तर महत्त्वाचेही हातचे जाते. वाचनालयातली लोकप्रिय कादंबरी पुन्हा विकत मिळते. ती वाळवण्यात तीन दिवस घालवण्यात अर्थ नाही. हस्तलिखिते, स्थानिक संस्थांची इतिवृत्ते, गावातून निघालेली आणि इतरत्र कुठे नसलेली मासिके, एकोणिसाव्या शतकातली दुर्मीळ छापील पुस्तके, वाचनालयाची दाखल नोंदवही : हे पहिल्या क्रेटमध्ये गेले पाहिजे. दाखल नोंदवहीचे नाव ऐकून काहींना आश्चर्य वाटेल, पण ती गेली तर काय गेले हेच सांगता येत नाही. हा क्रम चिखलात उभे राहून ठरवता येत नाही, कारण तेव्हा जे हाताला लागते तेच उचलले जाते.

घरातले फोटो आणि रुमालात बांधलेली दप्तरे

फोटोंवर जिलेटिनचा थर असतो. तो ओला झाला की फुगतो आणि ज्याला टेकेल त्याला चिकटतो. भिजलेले फोटो एकमेकांवर वाळू देऊ नयेत. स्वच्छ, थंड पाण्याच्या परातीत ठेवून ते हलक्या हाताने सुटे करावेत आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावेत. पाण्यात ते दोन दिवसांहून जास्त ठेवू नयेत. फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नये; काचेसकट ठेवून तज्ज्ञाला दाखवावा. काचेची जुनी निगेटिव्ह गोठवू नयेत.

दप्तरे रुमालात बांधण्याची आपली जुनी पद्धत खरोखर चांगली आहे, कारण सुती कापड धूळ अडवते आणि हवा खेळती ठेवते. त्यात वेखंड घालतात तेही किडींसाठी उपयोगी आहे. कसरीला त्याचा वास सोसत नाही. बुरशीवर मात्र वेखंड किंवा डांबरगोळी काही करू शकत नाही, आणि फिनेल किंवा ब्लीच शिंपडले तर कागदच जातो. वाळलेली बुरशी उघड्या हवेत, मास्क लावून, मऊ ब्रशने झटकावी. रुमाल भिजला असेल तर त्याची गाठ सोडायची घाई करू नये. आधी सपाट फळीवर घेऊन पाणी निथळू द्यावे.

लोखंडी ट्रंक ही पुरातली फसवी जागा आहे. पाणी चढताना ते झाकणाच्या फटीतून आत जाते, आणि ओसरताना बाहेर येत नाही. बाहेर जमीन कोरडी झालेली असते तेव्हा आतले कागद अजून पाण्यातच असतात, वर गंजाचा डागही धरतात. ट्रंक असेल तर पाणी उतरताच पहिल्यांदा ती उघडावी.

पावसाळ्याआधी करायचे काम

मे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक वाचनालयाने, शाळेने, देवस्थानाने आणि जुने कागद असलेल्या घराने आपल्या महत्त्वाच्या कागदांची जागा पाहून घ्यावी. २०१९ चे पाणी भिंतीवर कुठवर चढले होते याची खूण अजून अनेक ठिकाणी आहे. पुन्हा न मिळणारे सगळे त्या खुणेच्या वर, शक्यतो वरच्या मजल्यावर हलवावे. छत गळत असेल तर कपाटावर प्लॅस्टिक घालावे, पण कागद प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधू नये, कारण आतली ओल आतच राहते. पुस्तके फळीवर इतकी सैल ठेवावीत की एक काढताना शेजारचे ओढले जाऊ नये. टिपकागद, कोरा न्यूजप्रिंट, हातमोजे, क्रेट, मेणकागद आणि मार्कर एका पेटीत घालून ती पेटी वर ठेवावी. कुठल्या शीतगृहाशी बोलणे झाले आहे, किल्ली कोणाकडे आहे, आणि सर्वांत आधी कोणती कपाटे रिकामी करायची, ही यादी लिहून तिची एक प्रत पूररेषेबाहेर राहणाऱ्या दोन माणसांकडे द्यावी. त्यांचे मोबाइल क्रमांक दर जूनमध्ये तपासून घ्यावेत.